पटावरच्या प्रत्येकाचे मोजमाप

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालांचे चार आकडे एकापाठोपाठ वाचून पाहावेत. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के, २०२० मध्ये ९५.३० टक्के आणि २०२१ मध्ये ९९.९५ टक्के. यांपैकी पहिल्या तिन्ही वर्षांत मुले वर्गात बसूनच शिकली होती. तरीही निकाल एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरला आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी वर गेला. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता हे खरे. परंतु त्याच वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बंद झाले होते आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. २०२० मध्ये भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण दिले गेले. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षा झालीच नाही. नववीचे गुण आणि दहावीचे शाळांतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, आणि ते वर्ष बहुतांश शाळांनी ऑनलाइन काढले होते. आता एखाद्या अभ्यासकाने २०१९ आणि २०२१ यांची तुलना करून ऑनलाइन शिक्षणामुळे निकाल जवळपास २३ टक्क्यांनी सुधारला असा निष्कर्ष मांडला, तर तो कोणीही मान्य करणार नाही. मात्र हीच चूक लहान प्रमाणात आणि संख्याशास्त्राच्या भाषेत केली की ती संशोधन म्हणून छापली जाते, आणि तिच्या आधारे धोरणेही आखली जातात.

ऑनलाइन अध्यापन अधिक परिणामकारक की प्रत्यक्ष वर्गातील, या प्रश्नाचे उत्तर कोणाला मोजले, कशाने मोजले आणि केव्हा मोजले यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. या तीन गोष्टी आधी ठरवल्याशिवाय अभ्यासक्रमाचा मोठा हिस्सा ऑनलाइन करणे म्हणजे नुकसानीची जोखीम विद्यार्थ्यांवर त्यांच्या नकळत टाकणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या शिक्षणक्रमातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरून पूर्ण करता येतात, पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. मर्यादा दुप्पट झाली तरी त्या प्रमाणात आपल्या महाविद्यालयांतील मोजमापाची शिस्त वाढल्याचे दिसत नाही.

आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे. एका संस्थेतील साठेक विद्यार्थी घ्यायचे, तीस-तीसचे प्रायोगिक आणि नियंत्रित गट करायचे, पूर्वचाचणी घ्यायची, प्रायोगिक गटाला दोन-तीन आठवडे ऑनलाइन किंवा मिश्र (काही भाग वर्गात, काही ऑनलाइन) पद्धतीने शिकवायचे, उत्तरचाचणी घ्यायची आणि टी-मूल्य (गटांच्या सरासरींतील फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासणारा आकडा) काढून शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘दोन गटांत फरक नाही’ या गृहीतकाचा, त्याग किंवा स्वीकार करायचा. साचा चुकीचा नाही, पण तो फार कमी पाहू शकतो. तीस-तीसच्या गटांत दोन पद्धतींमधला फरक प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणाऱ्या मापाच्या) सुमारे तीन-चतुर्थांश इतका प्रचंड असेल, तरच तो सापडण्याची ८० टक्के शक्यता असते. प्रमाण विचलनाच्या एक-पंचमांश इतका फरक त्याच खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ४०० विद्यार्थी लागतात. एक-पंचमांश हा फरक क्षुल्लक मानता येत नाही. त्याने मधल्या स्थानावरचा विद्यार्थी शंभरात पन्नासाव्या क्रमांकावरून जवळपास आठ पायऱ्या खाली येतो. म्हणून साठ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ‘सार्थ फरक आढळला नाही’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्यातून दोन पद्धती समान आहेत हे सिद्ध होत नाही. असलेला फरक दिसावा एवढी त्या अभ्यासाची ताकद नव्हती, एवढेच अनेकदा त्यातून कळते. अमेरिकेत थॉमस रसेल यांनी १९९९ साली असे ३५५ अभ्यास आणि अहवाल एकत्र मांडले आणि माध्यम बदलल्याने शिकण्यात फरक पडत नाही हा विचार त्यातून दृढ झाला. परंतु कमी ताकदीचे शेकडो अभ्यास नुसते शेजारी शेजारी ठेवून ताकद वाढत नाही.

याच परंपरेत रिचर्ड क्लार्क यांचा १९८३ चा युक्तिवाद मात्र आजही गांभीर्याने घ्यावा असा आहे. किराणा वाहून आणणाऱ्या ट्रकमुळे आपल्या पोषणात जितका बदल होतो, तितकाच बदल माध्यमामुळे शिकण्यात होतो, असे ते म्हणाले होते. फरक पडतो तो अध्यापनाच्या पद्धतीमुळे. या युक्तिवादाचा उपयोग संशोधन तपासण्यासाठी चांगला होतो. ऑनलाइन गटाला जादा सराव, जादा साहित्य आणि जादा वेळ मिळाला असेल, तर गुणांतील वाढ इंटरनेटच्या खात्यावर जमा करता येत नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने १९९६ ते २००८ या काळातील हजाराहून अधिक अभ्यास चाळून २०१० मध्ये जो प्रसिद्ध अहवाल काढला, त्यात ऑनलाइन घटक असलेल्या गटांची कामगिरी सरासरीने थोडी सरस दिसली. तो आकडा पुढे जगभर उद्धृत झाला. पण त्याच अहवालात असेही नमूद होते की हा लाभ मुख्यतः मिश्र पद्धतीत दिसतो, निव्वळ ऑनलाइन आणि निव्वळ वर्ग यांच्यात नगण्य फरक आहे, आणि मिश्र गटांना अनेकदा अधिक वेळ व साहित्य मिळालेले होते. शॅना जॅगर्स आणि थॉमस बेली यांनी त्याच वर्षी हे अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा पूर्ण सत्राचा, पदवी पातळीचा आणि पूर्णतः ऑनलाइन असा अभ्यासक्रम वर्गाशी ताडून पाहणारे अभ्यास अवघे सात निघाले. हजारांतून गाळत गाळत सातांवर आलेल्या पुराव्याच्या बळावर महाविद्यालयांचे वेळापत्रक बदलायचे का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

कशाने मोजायचे, हा प्रश्न याहून अवघड आहे. बहुतेक अभ्यासांत चाचणी संशोधक स्वतः तयार करतो, अनेकदा तोच शिकवतो आणि तोच उत्तरपत्रिका तपासतो. यात अप्रामाणिकपणा असायलाच हवा असे नाही. जे शिकवले त्याच्याशी चाचणी इतकी मिळतीजुळती होते की प्रायोगिक गटाला आपोआप फायदा होतो. ॲलन च्युंग आणि रॉबर्ट स्लेव्हिन यांनी २०१६ मध्ये ६४५ शैक्षणिक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा संशोधकाने बनवलेल्या चाचण्यांवर दिसणारा परिणाम स्वतंत्र चाचण्यांवर दिसणाऱ्या परिणामाच्या सुमारे दुप्पट होता. म्हणजे चाचणी कोणी काढली एवढ्यावरूनच निष्कर्ष निम्मा किंवा दुप्पट होऊ शकतो.

याच्या उलट धोकाही असतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय अध्यापन प्रणालीचा अभ्यास केला, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या केंद्रांत प्रवेश कोणाला द्यायचा हे सोडत काढून ठरवले होते. साडेचार महिन्यांनंतर स्वतंत्र चाचणीत सोडत लागलेल्या मुलांची गणितातील प्रगती प्रमाण विचलनाच्या ०.३७ इतकी आणि हिंदीतील ०.२३ इतकी अधिक दिसली. शिक्षणातील प्रयोगांच्या मानाने हा मोठा परिणाम आहे. मात्र शाळेच्या गणिताच्या परीक्षेत त्याचा ठसा उमटला नाही. कारण ही मुले आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती. ती चौथीच्या पातळीवरून पाचवीच्या पातळीवर आली, तरी सातवीच्या प्रश्नपत्रिकेला त्याचा पत्ता लागत नाही. शाळेचे गुण हीच एकमेव मोजपट्टी धरली असती, तर एक उपयुक्त उपक्रम निरुपयोगी ठरला असता. याचा अर्थ असा की चाचणी स्वतंत्र हवी, सर्व गटांना एकच हवी, आणि तिची पातळी खालपासून वरपर्यंत पसरलेली हवी. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कोणता विद्यार्थी कोणत्या पद्धतीने शिकला हे ठाऊक नसले पाहिजे. आणि परीक्षा सर्वांची एका छताखाली, पर्यवेक्षकांसमोर झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट २०२० च्या निर्णयानंतर राज्यातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्या, त्या मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या आणि घरून देता येतील अशा होत्या. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. परंतु त्या गुणांना आधीच्या वर्षांच्या वर्णनात्मक लेखी परीक्षेच्या गुणांशेजारी बसवून अध्यापनाविषयी काही सांगता येणार नाही.

सर्वाधिक आग्रहाने सांगावीशी वाटते ती गोष्ट छेदाविषयीची. सरासरी गुण काढताना भागाकार कोणत्या संख्येने केला, हे वाचकाने प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. समजा, एकाच विषयाच्या दोन तुकड्यांत शंभर-शंभर विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले. वर्गातील तुकडीतून नव्वद जण परीक्षेला बसले आणि त्यांची सरासरी साठ आली. ऑनलाइन तुकडीतून पासष्ट जण बसले आणि त्यांची सरासरी बासष्ट आली. सरासरी पाहणाऱ्याला ऑनलाइन तुकडी सरस वाटेल. पण गळालेले पस्तीस जण कोण होते? बहुधा ज्यांचा विषय कच्चा होता, ज्यांच्या घरी एकच फोन चार जणांत होता, ज्यांना दिवसा काम करावे लागत होते, तेच. ते बाहेर पडल्यामुळेच राहिलेल्यांची सरासरी वाढली. नोंदणी केलेल्या शंभरांपैकी किती जण विषय समजून उत्तीर्ण झाले, असे विचारले तर चित्र पूर्ण उलटे होते. हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील प्रवृत्ती खरी आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी चालवलेल्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालियेंते यांनी २०१९ मध्ये तपासल्या, तेव्हा २०१७-१८ या वर्षात सहभागी झालेल्यांपैकी सुमारे तीन टक्क्यांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला होता. पूर्ण करणाऱ्यांची गुणवत्ता कितीही उंच असली, तरी उरलेल्या सत्त्याण्णव जणांविषयी तिच्यातून काहीच कळत नाही. शाळेत पट आणि उपस्थिती या दोन स्वतंत्र नोंदी असतात, आणि निरीक्षणाला आलेला अधिकारी दोन्ही पाहतो. ऑनलाइन शिक्षणाच्या संशोधनात पट बहुतेक वेळा दिसतच नाही.

केव्हा मोजायचे, याचेही असेच. सत्राच्या शेवटी मिळालेले गुण हा पहिला टप्पा आहे. त्या ज्ञानावर पुढचा विषय उभा राहतो का, हे पुढच्या सत्रात कळते. एरिक बेटिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील डेव्हराय विद्यापीठाच्या नोंदी तपासल्या. तेथे एकच विषय वर्गात आणि ऑनलाइन अशा दोन्ही प्रकारे, त्याच पाठ्यपुस्तकासह आणि त्याच अभ्यासक्रमासह शिकवला जात असे, त्यामुळे तुलना बरीच शुद्ध होती. ऑनलाइन घेतलेल्या विषयात विद्यार्थ्यांची श्रेणी चारच्या मोजपट्टीवर सुमारे ०.४४ ने कमी आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांची पुढच्या सत्रातील कामगिरीही खालावली आणि वर्षभरानंतर शिक्षण चालू ठेवणाऱ्यांचे प्रमाणही घटले. ही दुसरी बाब सत्रान्त गुणांवर थांबलेल्या अभ्यासाला कधीच दिसली नसती.

विद्यार्थी कोणत्या तुकडीत जाणार हे तो स्वतः निवडतो, तेव्हा दोन तुकड्या मुळातच वेगळ्या असतात. नोकरी करणारी, वयाने मोठी, घर सांभाळणारी माणसे ऑनलाइनकडे वळतात; त्यांचे गुण कमी आले तर दोष माध्यमाचा की दिवसातील उरलेल्या वेळेचा, हे सांगता येत नाही. म्हणून सोडत काढून गट पाडलेले अभ्यास मोलाचे ठरतात. डेव्हिड फिग्लिओ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच प्राध्यापकाची अर्थशास्त्राची तीच व्याख्याने काहींनी सभागृहात ऐकली आणि काहींनी चित्रफितीवर पाहिली. विल्यम बोवेन यांच्या गटाने सहा सार्वजनिक विद्यापीठ परिसरांत संख्याशास्त्राचा मिश्र अभ्यासक्रम सोडतीने तपासला. आठवड्याला एक तास प्रत्यक्ष भेट आणि बाकी काम संगणकावर अशी त्याची रचना होती, आणि त्यातील विद्यार्थी नेहमीच्या वर्गाइतकेच यशस्वी झाले. २०२० च्या शरद सत्रात वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी अकादमीत मायकेल कोफोड आणि सहकाऱ्यांनी ५५१ छात्रांवर जो प्रयोग केला, तो मला या सगळ्यांत सर्वाधिक उद्बोधक वाटतो. विषय सक्तीचा होता, तुकडी छात्र स्वतः निवडत नव्हते, सगळे एकाच आवारात राहत होते, आणि तेच अध्यापक वर्गातही शिकवत होते आणि ऑनलाइनही. इंटरनेट नाही, घरी जागा नाही, शिक्षक वेगळे, ही नेहमीची कारणे येथे उरत नाहीत. तरीही ऑनलाइन गटाचे गुण प्रमाण विचलनाच्या सुमारे एक-पंचमांशाने कमी भरले, आणि आधीपासून मागे असलेल्यांची घसरण सर्वाधिक होती.

हा शेवटचा तपशील वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा भेटतो. फिग्लिओ यांच्या प्रयोगातही आधीचे गुण कमी असलेले विद्यार्थी चित्रफितीच्या गटात अधिक मागे पडले. वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या नोंदींत दी शू आणि जॅगर्स यांना हेच आढळले. जिनिव्हा विद्यापीठात व्याख्यानांचे थेट प्रक्षेपण उपलब्ध करून दिल्यावर हुशार विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि कच्च्यांचे घटले. अशा वेळी दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात आणि सरासरी फरक शून्याजवळ येतो. तो शून्य वाचून जो कुलगुरू निर्णय घेईल, तो पहिल्या पिढीत महाविद्यालयात आलेल्या मुलीचे नुकसान करून शहरातील चांगल्या शाळेतून आलेल्या मुलाची सोय करील, आणि आकडेवारीत कोणाचेच काही बिघडलेले दिसणार नाही. संशोधनातील सरासरीबद्दल मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे ते यासाठीच.

विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या प्रश्नावल्यांविषयी थोडक्यात सांगतो. गुगल फॉर्मवर ‘तुम्हाला समजले का’ असे विचारून परिणामकारकता ठरवणारे असंख्य शोधनिबंध २०२० नंतर आले. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की वर्गात स्वतः प्रश्न सोडवत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटत होते, पण चाचणीत तेच पुढे होते. वाटणे आणि येणे यांत इतकी तफावत असेल, तर प्रश्नावली हे कामगिरीचे माप होऊ शकत नाही.

टाळेबंदीच्या काळातील अनुभव ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात पुरावा म्हणून वापरण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. तो टाळावा. मार्च २०२० नंतर जे घडले ते नियोजनपूर्वक रचलेले ऑनलाइन शिक्षण नव्हते. शिवाय राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार ग्रामीण भारतातील १५ टक्क्यांहून कमी घरांत इंटरनेटची सोय होती. म्हणजे बहुसंख्य मुलांच्या बाबतीत तुलना वर्ग आणि शून्य यांच्यातच होती. मात्र मोजमापाच्या दृष्टीने त्या काळाने दोन उत्तम धडे दिले. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळांत वर्षातून दोनदा राष्ट्रीय पातळीवरच्या चाचण्या होत असत, त्यामुळे आठ आठवड्यांच्या शाळाबंदीच्या आधीचे आणि नंतरचे सुमारे साडेतीन लाख मुलांचे गुण त्याच मोजपट्टीवर उपलब्ध होते. पालकांचे शिक्षण कमी असलेल्या घरांतील मुलांचे नुकसान ६० टक्क्यांपर्यंत अधिक होते, हे म्हणूनच कळू शकले. आपल्याकडे ते काम ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाने केले. त्याचे स्वयंसेवक मुलाच्या घरी जातात, त्याच्यासमोर बसून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचून घेतात, आणि शाळेत न जाणारे किंवा त्या दिवशी गैरहजर असलेले मूलही त्यात मोजले जाते. देशातील ग्रामीण भागात तिसरीच्या ज्या मुलांना तो उतारा वाचता येत होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. त्याच काळात मंडळाचे निकाल उंचावत होते.

येथे एक आक्षेप मला मान्य आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली ज्यांच्यासाठी स्थापन झाले, त्यांच्या बाबतीत वर्गाशी तुलना अनेकदा गैरलागू असते. गडचिरोलीतील अंगणवाडी सेविकेला नियमित महाविद्यालयात जाणे शक्यच नसेल, तर तिच्यासाठी दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीची तुलना पदवी नसण्याशी करावी लागेल. जॉर्जिया टेक या संस्थेने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची स्वस्त ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली, तेव्हा तेथे प्रवेश मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी अन्यथा कोठेच प्रवेश घेतला नसता, असे अभ्यासातून दिसले. हा निखळ लाभ आहे. पण या युक्तिवादाच्या आडून, जी मुले आज रोज एसटीने महाविद्यालयात येतात त्यांचे वर्ग कमी करता येणार नाहीत. दोन्ही गटांची मोजणी वेगवेगळी हवी, कारण त्यांना दुसरा कोणता पर्याय होता हेच मुळात वेगळे आहे.

राज्यातील विद्यापीठांकडे हे मोजण्याची सोय आजही आहे, आणि त्यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. प्रथम वर्षाच्या एखाद्या सक्तीच्या विषयाला एका विद्यापीठात हजारो विद्यार्थी असतात, त्यांच्या तुकड्या संगणकावरच पाडल्या जातात आणि प्रश्नपत्रिका सर्वांना एकच देता येते. इच्छुक महाविद्यालयांत काही तुकड्या सोडतीने ऑनलाइन किंवा मिश्र कराव्यात, फोन आणि डेटा नसलेल्यांना तो आधी पुरवावा, आणि विद्यार्थ्याला सत्राच्या मध्यात वर्गात परतण्याची मुभा ठेवावी. परतलेल्यांना मात्र हिशेबात मूळ तुकडीतच धरावे. परीक्षा केंद्रावर व्हावी, उत्तरपत्रिकांवर सांकेतिक क्रमांक असावेत. निकाल जाहीर करताना नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, उत्तीर्ण किती हे तिन्ही आकडे एकत्र द्यावेत, आणि बारावीच्या गुणांनुसार, लिंगानुसार, ग्रामीण-शहरी अशा गटांनुसारही द्यावेत. त्याच विद्यार्थ्यांचे तिसऱ्या सत्रातील गुण वर्षभराने पुन्हा प्रसिद्ध करावेत. विद्यापरिषदेने ऑनलाइन श्रेयांकांचे प्रमाण वाढवण्याचा ठराव त्या दुसऱ्या प्रसिद्धीनंतरच चर्चेला घ्यावा, आणि विषयपत्रिकेसोबत हा तक्ता प्रत्येक सदस्याला आठवडाभर आधी मिळावा.